"काउंटरवर सगळ्याला नाही म्हणा": भाड्याच्या गाडीबद्दलचा हा सल्ला कुठे चुकतो

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: परदेशात गाडी भाड्याने घेताना काउंटरवरचा विमा म्हणजे लूट, क्रेडिट कार्डावर सगळं कव्हर असतं, लायसन्स इंग्रजीत असेल तर इंटरनॅशनल परमिट लागत नाही, कार्ड कुठलंही चालतं, ऑटोमॅटिक गाडी काउंटरवर मागितली की देतात, युरोपात एकदा गाडी घेतली की कुठल्याही देशात न्या, दंडाची पावती घरापर्यंत पोचत नाही, आणि चार फोटो काढून ठेवले की कंपनी काही करू शकत नाही.

मेसेज टिकून आहे, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. काउंटरवर पुढे केलं जाणारं पॅकेज बहुतेक वेळा महाग असतंच. पण महाग आहे म्हणून ते अनावश्यक ठरत नाही. ज्याच्याकडे दुसरं कव्हर कागदावर आहे आणि ज्याने तो कागद वाचला आहे, त्याने खुशाल नाही म्हणावं. बाकीच्यांसाठी हा सल्ला धोक्याचा आहे.

"क्रेडिट कार्डावर सगळं कव्हर असतं."

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबू. अपघातात तीन प्रकारचा खर्च उभा राहतो: समोरच्याचा, भाड्याच्या गाडीचा आणि गाडीत बसलेल्यांचा. कार्डासोबत कव्हर मिळत असलंच, तर ते साधारणपणे यातल्या मधल्या खर्चापुरतं असतं, म्हणजे गाडीचं नुकसान किंवा चोरी. समोरच्या माणसाला लागलं किंवा त्याची गाडी फुटली, तर त्यात कार्डाचा संबंध येत नाही.

युरोपात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो भाड्यातच धरलेला असतो, त्यामुळे तिथे या बाजूने फारशी चिंता नाही. अमेरिकेतलं गणित वेगळं. तिथे भाड्यासोबत थर्ड पार्टी कव्हर मिळालं, तरी ते अनेकदा त्या राज्याच्या कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेचंच असतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही किमान मर्यादा एका जखमी व्यक्तीमागे ३०,००० डॉलर, एका अपघातामागे एकूण ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर आहे. तिथल्या हॉस्पिटलात एका मोठ्या शस्त्रक्रियेचं बिल याच्या पुढे सहज जातं, आणि वरची रक्कम थेट चालकाकडे मागितली जाऊ शकते. म्हणून अमेरिकेत दुसरं कुठलंच थर्ड पार्टी कव्हर हातात नसेल, तर काउंटरवरचं वाढीव लायबिलिटी कव्हर घ्यावं. मेसेज नेमकं तेच नाकारायला सांगतो. यावर एक स्वस्त उपायही आहे. बुकिंग करताना राहण्याचा देश खरा निवडा. अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठीच्या दरांत गाडीचं कव्हर आणि वाढीव लायबिलिटी पुष्कळदा आधीच धरलेली असते. देश चुकीचा टाकून दहा-वीस डॉलर वाचवणारे हे कव्हर घालवून बसतात.

आता गाडीच्या नुकसानीकडे येऊ. सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) म्हणून जे मिळतं, त्यात कंपनी एवढंच म्हणते की ठरावीक रकमेच्या वरचं नुकसान आम्ही तुमच्याकडून घेणार नाही. ती ठरावीक रक्कम म्हणजे एक्सेस. युरोपात मध्यम गाडीला हजार ते दोन हजार युरोचा एक्सेस अगदी नेहमीचा. शिवाय टायर, रिम, काचा, आरसे, छप्पर, गाडीचा तळ, आतली सीटं आणि हरवलेली चावी या गोष्टी साध्या सीडीडब्ल्यूतून बहुतेक वेळा वगळलेल्या असतात. भाड्याच्या गाडीला नेमकं काय होतं? फुटपाथच्या कडेला रिम घासते, खडीचा दगड उडून काचेला तडा जातो, पार्किंगच्या कमी उंचीच्या आडव्या दांड्याला छप्पर लागतं. म्हणजे जे रोज घडतं, तेच कव्हरबाहेर.

चुकीचं इंधन हाही असाच वगळलेला प्रकार. डिझेलच्या पाइपचं तोंड पेट्रोलच्या तोंडापेक्षा रुंद असतं, त्यामुळे ते पेट्रोल गाडीत सहसा शिरत नाही. उलट पेट्रोलचं तोंड डिझेल गाडीत आरामात बसतं, आणि तिथेच घात होतो. रंगावर जाऊ नका: युरोपात हिरवा पाइप बहुधा पेट्रोलचा, तर अमेरिकेत तोच हिरवा पुष्कळ पंपांवर डिझेलचा. २०१८ पासून युरोपीय संघात पंपावर आणि नव्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर एकसारखी चिन्हं आहेत. पेट्रोलसाठी वर्तुळात ई५ किंवा ई१०, डिझेलसाठी चौकोनात बी७. ती जुळवून पाहा. चूक झालीच, तर चावी फिरवू नका आणि स्टार्टचं बटण दाबू नका. इंजिन सुरू होईपर्यंत प्रश्न टाकी रिकामी करण्याचा असतो. सुरू झालं की पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातो.

आइसलँड हा तर वेगळाच धडा. तिथे एफ अक्षराने सुरू होणारे डोंगराळ रस्ते फक्त फोर बाय फोर गाडीने जायचे. साधी गाडी नेली तर कव्हर गेलंच समजा. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरलं, तर सहसा कुठलंच पॅकेज उपयोगी पडत नाही. वाळू आणि राखेने रंग खरवडला गेला, तर त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि वारा! गाडी वाऱ्याकडे पाठ करून उभी केली आणि दार बेसावधपणे उघडलं, तर दार पुढे उलटं वाकतं, बिजागरी आणि पुढचा पत्रा दोन्ही जातात. गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं आणि दार हाताने धरून एकेकच उघडायचं. दाराचं हे नुकसान बहुतेक करारांत चालकाच्या माथी असतं.

मग कार्डाचं कव्हर निरुपयोगी का? अजिबात नाही. पण त्याला अटी असतात. पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलेलं असावं, गाडी कार्डधारकाच्या नावावर असावी, बऱ्याच कार्डांच्या बाबतीत कंपनीचा सीडीडब्ल्यू स्पष्टपणे नाकारलेला असावा, दिवसांची मर्यादा पाळलेली असावी. महागड्या गाड्या, मोठ्या व्हॅन आणि कच्चे रस्ते वगळलेले असतात. देशही वगळलेले असतात. आयर्लंड, इस्राएल आणि जमैका ही नावं अशा यादीत वारंवार दिसतात. आणि एकाच प्रकारच्या कार्डाचे नियम बँकेप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या कार्डाचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. बँकेकडून ही माहिती निघण्याआधी लेखी मागवा.

कार्डाचं कव्हर लागू झालं, तरी आधी पैसे तुमचेच जातात. कंपनीचं बिल नीट पाहा: दुरुस्ती, टोइंग, प्रशासकीय शुल्क आणि गाडी गॅरेजमध्ये असतानाचं बुडालेलं भाडं अशा वेगवेगळ्या ओळी असतात. शेवटच्या दोन ओळी भरपाईत बसतात का, हे आधीच विचारून ठेवा. क्लेमसाठी करार, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि जिथे लागू असेल तिथे पोलीस अहवाल लागतो. गाडी परत देतानाच हे कागद मागितले नाहीत, तर नंतर ईमेलवर मिळवताना महिने जातात.

काउंटर आणि कार्ड यांच्यामध्ये तिसरा रस्ता आहे, आणि तोच बहुतेकांना परवडतो: एक्सेसची भरपाई देणारी स्वतंत्र पॉलिसी. ती निघण्याआधी घ्यायची असते, काउंटरच्या दरापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि टायर-काचा-तळ तिच्यात बहुधा येतात. फक्त हे लक्षात असू द्या की ही पॉलिसी असली तरी कंपनी पूर्ण डिपॉझिट अडकवतेच.

"लायसन्स इंग्रजीत असेल तर परमिट नको."

भाषेचा प्रश्न हा अर्धाच आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय करारांखाली मिळतं, त्यातले १९४९चा जिनिव्हा करार आणि १९६८चा व्हिएन्ना करार हे मुख्य. जपान फक्त १९४९च्या नमुन्याचं परमिट मानतं. १९६८च्या नमुन्याचं अस्सल, वैध परमिट दाखवलं तरी तिथे गाडी मिळत नाही. मोजक्या देशांच्या लायसन्सना तिथे अधिकृत जपानी भाषांतर चालतं. चीनच्या मुख्य भूमीत तर कुठलंच इंटरनॅशनल परमिट चालत नाही, तात्पुरतं स्थानिक लायसन्स काढावं लागतं. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक लायसन्ससोबत परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागतं. काउंटरवरच्या माणसाने न मागता चावी दिली, तरी रस्त्यात पोलीस मागू शकतात आणि अपघात झाला तर विमा कंपनी मागते.

परमिट ज्या देशाने लायसन्स दिलं त्याच देशातल्या अधिकृत यंत्रणेकडून घ्यायचं, आणि तेही निघण्याआधी. ऑनलाइन काही मिनिटांत मिळणारी रंगीत "आंतरराष्ट्रीय लायसन्स" कार्डं कायद्याने परमिट नव्हेत. १९४९चं परमिट एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. मोबाइलमधलं डिजिटल लायसन्स परदेशात धरून चालू नका.

"कार्ड कुठलंही चालतं."

बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डच लागतं, आणि डिपॉझिटएवढी मर्यादा त्यात मोकळी असावी लागते. डेबिट कार्ड घेतलं तर काही कंपन्या महागडं कव्हर घ्यायला लावतात, शिवाय खात्यातला पैसा खरोखरच अडकतो आणि मोकळा व्हायला कधी आठवडे लागतात. मशीनने "तुमच्या चलनात भरायचं का" विचारलं, तर स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात दर वाईट मिळतो.

"ऑटोमॅटिक तिथेच मागा."

युरोपात छोट्या गाड्यांत मॅन्युअल अजून पुष्कळ आहेत आणि ऑटोमॅटिक मोजक्या. बुकिंगवर चार अक्षरी कोड असतो, त्यातलं तिसरं अक्षर पाहा: एम म्हणजे मॅन्युअल, ए म्हणजे ऑटोमॅटिक. उलट्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत गिअर टाकायचा हातही बदलतो, तेव्हा सवय नसेल तर इथे काटकसर करू नये.

"युरोपात कुठेही न्या."

सीमेवर पासपोर्ट तपासत नाहीत म्हणून करारही सीमेपलीकडे लागू होतो असं नाही. कुठल्या देशांत गाडी नेता येते याची यादी करारात असते, आणि काही ब्रँडच्या गाड्या पूर्वेकडच्या देशांत न्यायला बंदी असते. परवानगीशिवाय नेलं तर कव्हर रद्द होऊ शकतं. बोटीवर गाडी चढवण्यालाही तोच नियम. ब्रिटनमधून भाड्याची गाडी बाहेर न्यायची तर कंपनीकडून व्हीई१०३ हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. महामार्गाचं स्टिकरही, म्हणजे विन्येट, विसरू नका: स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या गाडीवर ते असतं, शेजारच्या देशात घेतलेल्या गाडीवर असेलच असं नाही. तिथलं वर्षाचं विन्येट ४० फ्रँकचं, आणि ते नसल्याचा दंड २०० फ्रँक, वर विन्येटची किंमत वेगळी.

"दंड घरापर्यंत येत नाही."

येतो, फक्त उशिरा येतो. फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, रोम अशा इटालियन शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल नावाचे निर्बंधित भाग असतात. कमानीवर पाटी असते, तिच्या शेजारी कॅमेरा. "वार्को आत्तीवो" असं दिसलं तर बंदी चालू आहे. बॅरिअर नसतो, पोलीस नसतो, जीपीएस सरळ आत नेतो. हॉटेल शोधत नकळत आत गेलात, तरी दंड होतो. पावती आधी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जाते. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचं शुल्क तुमच्या कार्डावरून कापते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंड वेगळा येतो. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल, तर गाडीचा नंबर हॉटेलला देऊन नोंदवून घ्यायला सांगा. शक्यतो आत शिरण्याआधीच.

"चार फोटो काढले की झालं."

फोटो हवेतच, पण फक्त तुमच्या फोनमध्ये असलेले फोटो म्हणजे कंपनीची कबुली नव्हे. गाडी ताब्यात घेताना दिलेल्या स्थितीपत्रकावर आधीचा प्रत्येक ओरखडा नोंदवून सही घ्या. पार्किंगमध्ये कोणी माणूस नसेल तर काउंटरवर परत जा. सलग व्हिडिओ घ्या: चारही रिम जवळून, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच, छप्पर, आणि इंजिन सुरू करून किलोमीटर व इंधनाचा काटा. गाडी ओली असेल तर आधी पुसा, पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत.

परत देताना हेच पुन्हा, आणि इथे बरेचजण घाई करतात. ऑफिस बंद असताना चावी पेटीत टाकली, तर कर्मचारी गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी बहुतेक करारांत तुमचीच राहते. म्हणून शक्य असेल तर ऑफिस उघडं असताना द्या आणि "नवीन नुकसान नाही" अशी लेखी पोच घ्या. टाकी जवळच्या पंपावर भरा, पावती ठेवा. करार, पोच, इंधनाची पावती आणि व्हिडिओ किमान वर्षभर तरी पुसू नका.