घाटात न्यूट्रल, पहाटे पेट्रोल: शिमग्याच्या फॉरवर्डला उत्तर

शिमगा तोंडावर आला की गावच्या ग्रुपवर पालखीच्या तारखा येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक फॉरवर्ड येतो. मथळा दरवर्षी तोच: 'कोकणात गाडीने येणाऱ्यांनो, छोट्या गाडीचं ॲव्हरेज १८ वरून २५ करा!' खाली नऊ सूचना. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडा. एसी बंद, काचा खाली. पेट्रोल पहाटेच भरा. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होतो. चढालाही वरचाच गिअर ठेवा. टायरात ४० हवा भरा. महागातलं पेट्रोल घाला. कॅरिअर काढून ठेवा. आणि शेवटी दम: कंपनी सांगते तेवढं ॲव्हरेज मिळत नसेल तर दोष तुमच्या ड्रायव्हिंगचा.

यंदा तो आमच्या मामांनी पाठवला, म्हणून उत्तर द्यायची वेळ आली. एरवी मी अंगठा दाखवून पुढे गेलो असतो.

न्यूट्रलपासून सुरुवात करतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यात आंबोलीहून सावंतवाडीला उतरत होतो. मामा शेजारी. मी दुसऱ्यात गाडी ठेवलेली, इंजिन घुमत होतं, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला. मामांना तो आवाज सहन होईना. 'न्यूट्रल टाक रे, फुकटचा पेट्रोल कित्याक जाळतस?'

मामांचं चुकत नव्हतं. फक्त ते त्यांच्या जुन्या गाडीबद्दल बोलत होते. त्यांची मारुती ८०० कार्बोरेटरवाली होती. कार्बोरेटरला डोकं नसतं. इंजिन फिरतंय, हवा ओढली जातेय, म्हणजे त्या हवेबरोबर पेट्रोल जाणारच, मग पाय पॅडलवर असो वा नसो. त्या गाडीला उतारावर गिअरमध्ये ठेवून इंजिन घुमवणं म्हणजे खरोखर पेट्रोल वाया घालवणं होतं. न्यूट्रल टाकलं की इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना फिरतं तेवढ्या कमी फेऱ्यांवर, यायचं आणि थोडं वाचायचं.

आताच्या गाडीत पेट्रोल इंजेक्टरमधून येतं आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पॅडलवर नाही, चाकंच इंजिनला फिरवताहेत, हे त्याला कळलं की तो पेट्रोल बंद करतो. कमी करत नाही, बंद करतो. फेरे आयडलच्या जवळ आले की पुन्हा सुरू करतो, नाहीतर गाडी बंद पडेल. म्हणजे मामांना जो आवाज पेट्रोल जळण्याचा वाटत होता, तो फुकटात फिरणाऱ्या इंजिनचा होता. उलट न्यूट्रल टाकलं की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो, आणि इंजिनला जिवंत राहायला स्वतःचं पेट्रोल जाळावं लागतं. छोट्या गाडीचं इंजिन आयडलवर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. आंबोलीचा घाट उतरून दाणोलीपर्यंत यायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. म्हणजे न्यूट्रलवर जवळपास पाव लिटर गेलं, आणि गिअरमध्ये त्यातलं बरंचसं वाचलं.

एक गोष्ट मामांच्या बाजूने सांगायला हवी. महामार्गावरच्या अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलची गाडी गिअरमधल्या गाडीपेक्षा लांबपर्यंत घरंगळते, कारण इंजिन तिला मागे ओढत नाही. तिथे थेंबभर वाचतही असेल. पण आपल्याकडे हलका उतार संपतो तिथे वाडी असते, गतिरोधक असतो आणि रस्त्यात बसलेली गाय असते. त्या थेंबासाठी मी गाडी मोकळी सोडणार नाही.

घाटात तर विचारच नको. माणसांसकट हजार-अकराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरते, तेव्हा ती सगळी शक्ती कुठेतरी जिरली पाहिजे. गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलवर असेल तर सगळं ब्रेकच्या अंगावर. ब्रेक तापले की पॅडल मऊ लागतं आणि पकड सुटत जाते. दाणोलीला चहाला थांबलेल्या गाड्यांच्या चाकांजवळून जाताना कधी जळका वास आला असेल, तर तो क्लचचाच असतो असं नाही. काही महाभाग चावी फिरवून इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीनदा दाबेपर्यंतच साथ देतो, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, आणि चावी पार मागे गेली तर ते लॉकही होऊ शकतं. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. कार्बोरेटर गेला तरी ते खरंच आहे.

आता चढ. 'चढालाही वरचाच गिअर ठेवा, फेरे कमी तर पेट्रोल कमी.' सपाट रस्त्यावर बरोबर, घाटात नाही. हिशेब सोपा आहे. अकराशे किलो सहाशे मीटर वर उचलायला जी शक्ती लागते, ती इंजिनची कार्यक्षमता पाव धरली तर पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल मागते. ते तुम्हाला द्यावंच लागणार, गिअर कुठलाही असो. चौथ्यात ठेवून पॅडल तळाला लावलं की आठशे-हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन धडधडायला लागतं, कॉम्प्युटर त्याला वाचवायला जादा पेट्रोल देतो, आणि पुढच्या नागमोडी वळणावर तुम्ही हाफ क्लचवर येता. त्यापेक्षा वेळेवर तिसरा, वळणावर दुसरा, आणि इंजिन मोकळा श्वास घेतंय तिथेच ठेवायचं. कुंभार्ली, आंबा, फोंडा, सगळीकडे हेच.

एसीच्या बाबतीत फॉरवर्ड अर्धा खरा आहे. एसीला पेट्रोल लागतंच, आणि छोट्या इंजिनला ते जास्त जाणवतं, कारण कॉम्प्रेसर त्याच्या ताकदीतला मोठा घास घेतो. जयगडकडून गणपतीपुळ्याला, तिथून आरे-वारेच्या समुद्राकडेने चाळीसच्या वेगाने जात असाल तर खुशाल काचा खाली करा, वाराही चांगला असतो. पण महामार्गावर वेग वाढला की उघड्या काचांतून शिरणारी हवा गाडीला मागे ओढते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तिथे काचा उघड्या ठेवून होणारी बचत घटत जाते. पावसाळ्यात तर एसी चैनीसाठी नसतोच. चार ओली माणसं गाडीत बसली की समोरची काच आतून धुरकट होते, आणि ती झटपट साफ करणारा एसीच. ॲव्हरेजसाठी एका हाताने फडकं फिरवत घाट चढणारे मी पाहिले आहेत.

पहाटेचं पेट्रोल मला सगळ्यांत आवडतं. गारव्यात पेट्रोल आकसतं, म्हणून लिटरमागे जास्त मिळतं, असं तर्कशास्त्र. आकसतं हे खरं, अंशामागे साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, आणि तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी जवळपास सारखंच. मोठ्या मनाने दोन अंशांचा फरक धरला तरी वीस लिटरला ४० मिली. आमच्या वाडीतून पंप आठ किलोमीटर. पहाटे उठून मुद्दाम गेलो तर जातानाच चारशे मिली जाळून बसेन.

टाकीच्या स्फोटाला फार वेळ देत नाही. इंडियन ऑईलने या अफवेचा जाहीर खुलासा केलेला आहे. पेट्रोल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि रत्नागिरीचा मे महिना कितीही घामाघूम करो, तो तिथवर जात नाही. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं एवढंच. त्यानंतर 'राउंड फिगर' करायला अजून थोडं कोंबू नका, ते वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं. वजन वाचावं म्हणून अर्धी टाकी ठेवणाऱ्यांसाठी: वीस लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो. परतीच्या प्रवासात डिकीत एक आंब्याची पेटी कमी घ्या, तेवढंच होईल.

टायरात ४० हवा भरली की गाडी हलकी पळते, हे खोटं नाही. पण टायर फुगून रस्त्याला कमी चिकटतो, आणि पहिल्या पावसात डांबरावर लाल माती वाहून आली की ब्रेक मारल्यावर ते कळतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा असतो, तेवढी भरा, तीही टायर थंड असताना. बऱ्याच गाड्या खरं तर त्या आकड्याच्या खालीच फिरत असतात. तिथे तुमचं पेट्रोल जातं.

महागातल्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते, हा गैरसमज आहे. जास्त ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण. ज्या इंजिनला त्याची गरज आहे त्याला उपयोग. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आपल्या छोट्या गाडीला ॲव्हरेजमध्ये विशेष काही मिळणार नाही. पेट्रोलबद्दल बोलायचंच होतं, तर फॉरवर्डने इथेनॉलचं नाव घ्यायला हवं होतं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि आता पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात, १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाडीचं १ ते २ टक्के. लिटरमागे एक किलोमीटर कुठे गेला म्हणून मेकॅनिकच्या मागे लागण्याआधी हे आठवा.

आता शेवटचा दम. कंपनीचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या चाचणीतून येतो. तिथे गाडी रोलरवर उभी असते, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त होतो, ९० च्या वर जात नाही, आणि एसी बंद असतो. त्या रोलरवर परशुराम घाट नाही, पुढे ढेकर देत चढणारा डंपर नाही, दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत एसी लावून काढलेला अर्धा तास नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. स्वतःला कमी लेखायला त्याचा उपयोग करू नका.

ड्रायव्हिंगचा दोष असतोच, पण फॉरवर्ड त्याबद्दल नेमकं काहीच सांगत नाही. हजार किलोची गाडी शून्यावरून ८० ला न्यायला सुमारे ३० मिली पेट्रोल लागतं, आणि ब्रेक दाबला की ते गेलं. समोर एसटी थांब्यावर थांबतेय हे दोनशे मीटरवरून दिसत असताना रेस देत तिच्या मागच्या बंपरपर्यंत जायचं आणि करकचून थांबायचं, हे दहादा केलं की ३०० मिली. पाय आधी उचलला असता तर वर सांगितल्याप्रमाणे तेवढा वेळ पेट्रोल बंदच असतं. आणि १०० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. मुंबई ते कुडाळमध्ये वेळ कितीसा वाचतो ते ज्याचं त्याने बघावं, कारण इंदापूर आणि माणगावच्या गर्दीत सगळे पुन्हा शेजारी शेजारीच उभे असतात.

राहिलं कॅरिअर. ही एक सूचना पूर्ण बरोबर आहे, मामा. रिकामं कॅरिअरसुद्धा वारा अडवतं, आणि छोट्या गाडीला ते जास्त लागतं. माझं गणपतीत मखराचं सामान आणायला बसवलेलं, अजून टपावर तसंच आहे. बोल्ट गंजलेत. रविवारी येताना तुमचा तो जुना दहा नंबरचा पाना घेऊन या.