म्हणे ‘फॅक्टरीत जुळवलेली’!

नव्या टर्नटेबलच्या खोक्यावर ठसठशीत छापलंय, कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) फॅक्टरीतच बसवून, जुळवून दिलेली आहे, फक्त सुई टेकवा आणि ऐका. टेकवली. पहिलं गाणं झकास. शेवटच्या गाण्यात मात्र गायिकेचा प्रत्येक ‘स’ फसफसतोय, जणू माइकवर थुंकतेय. जुन्या साध्या टर्नटेबलवर हीच बाजू शेवटपर्यंत स्वच्छ वाजत होती, त्यामुळे रेकॉर्डवर खापर फोडायचीही सोय नाही.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसलीय का ते तपासायचा तक्ता, काढला. मध्यापासून 66 मिमीच्या बिंदूवर कार्ट्रिज लांबूनच तिरकी दिसते, 121 वर डोळे बारीक केले की तीच बोंब. ओव्हरहँग, म्हणजे सुई मधल्या खुंटीच्या पुढे जाते ते अंतर, चक्क 2 मिमी कमी! अहो, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला अर्धा मीटर पळते, आत लेबलाजवळ जेमतेम 21 सेंटिमीटर. सगळा मजकूर तिथे दाटीवाटीने कोंबलेला, आणि नेमकी तिथेच यांची चूक सगळ्यात मोठी. बाहेरच्या 146 मिमीवर 2 मिमीच्या चुकीने कार्ट्रिजचा खाचेशी कोन 1 अंशही हलत नाही, आतल्या 60 मिमीवर तो 2 अंश हलतो. म्हणजे दुकानात पहिलं गाणं वाजवून दाखवलं की सगळं उत्तम! तपासणीचा शिक्का कोणी मारला त्याला एकदा शेवटचं गाणं ऐकायला बसवा. आणि उठू देऊ नका.

बरं, सरकवायची तर सरकवू. पण स्क्रू कोणी आवळलेत, पैलवानाने? M2.5 चा स्क्रू तो, 2 मिमीची अॅलन की, बोटाच्या दोन टोकांनी फिरवायचं काम. इथे की वाकायची वेळ आली. त्यात हेडशेलच्या, म्हणजे आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) टोकाच्या, तारा इतक्या तोकड्या की कार्ट्रिज 2 मिमी पुढे घेतली की निळ्या तारेची टोपी पिनवरून निसटते. मग ती काढा, आत 1.2 मिमीचा ड्रिल बिट घालून चिमट्याने हलकेच दाबा, परत बसवा. पांढरी डाव्या चॅनेलची प्लस, निळी डाव्याची मायनस, लाल उजव्याची प्लस, हिरवी उजव्याची मायनस. जोरात ओढलं तर तार टोपीच्या मुळाशी तुटते. आणि पिन कार्ट्रिजमध्ये असताना तिथे डाग द्यायला गेलात तर आतली कॉइलच गेली. एवढं सगळं होईपर्यंत सुईचं कव्हर काढायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कार्ट्रिज पुढे गेली म्हणजे सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन पुन्हा मोजणं आलं. आणि काटा? नाही दिला! शिफारस 1.8 ग्रॅम, मुभा 1.6 ते 2.0, आणि मोजायचं काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या वजनावरच्या) आकड्यांनी. त्या कड्याचा शून्य हवेत तरंगणारा आर्म डोळ्यांनी पाहून ठरवायचा, म्हणजे विषयच संपला. वर दुकानातले उपदेश करतात, ‘हलकीच ठेवा, रेकॉर्ड जपल्या जातात.’ साफ खोटं. हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंती खरवडते. मुभेच्या वरच्या टोकाला ठेवलेली बरी. सोबतचा प्रोट्रॅक्टर पुठ्ठ्याचा, त्याचं भोक मधल्या खुंटीवर खुळखुळतं. अर्धा मिलिमीटर इकडे सरकवा, अर्धा तिकडे, हवं ते उत्तर घ्या. मशीन जितकं महाग, तितकं खोक्यात कमी आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जास्त.

आर्मच्या उंचीचा विषय तर काढूच नका. 9 इंची आर्मचा खांब 4 मिमी उचलला तर सुईचा कोन 1 अंश बदलतो. जाड आणि पातळ रेकॉर्डमध्ये 1 मिमीचाही फरक नसतो. तरी दर रेकॉर्डला खांब वर-खाली करणारे महाभाग आहेत. त्यांना हसणारे आम्ही कोण? तर तोंडात टॉर्च धरून, भिंगातून केसाएवढ्या कँटिलिव्हरकडे (सुई धरणाऱ्या काडीकडे) बघत श्वास रोखणारे शहाणे. आणि हे सगळं कशासाठी, तर मधलं भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडलेल्या रेकॉर्डसाठी, जिच्या आतल्या गाण्यात पियानोचा सूर दर फेरीला 0.8 टक्के वर-खाली हेलकावतो. मशीनच्या कागदावर वॉव-फ्लटर (वेगातला चढउतार) 0.05 टक्के! वा रे वा.

तापलोच आहोत तर बाकीचंही. झाकण वेगळं विकत, कारण म्हणे झाकणाने आवाज बिघडतो. मग वाजवताना काढून ठेवू ना, धूळ काय सुई टेकवल्यावरच बसते? 45 ची लावायची तर प्लॅटर उचला आणि बेल्ट बोटाने मोठ्या पुलीवर चढवा. बोटाचं तेल बेल्टला लागलं की तो घसरणार, मग स्पिरिटने पुसत बसा. अर्थिंगची तार म्हणजे दोरा, तिचा चिमटा दुसऱ्यांदा काढला की मोडतो. 0.3 मिलिव्होल्टची एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज लावलेली, फोनो स्टेज (तिचा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) 60 डीबी, म्हणजे हजारपट वाढवणार; तिथे ती तार सैल झाली की घुंऽऽ सुद्धा हजारपट.

आणि बाजू संपली की आर्म आपोआप उचलणं? ते फक्त स्वस्तातल्या मशीनला. इथे शेवटच्या खाचेत सुई दर 1.8 सेकंदाला टक् टक् करत झिजत राहणार, तुम्ही खुर्चीतून उठेपर्यंत. यावर उपाय म्हणून आर्म उचलणारी चिमुकली कळ बाजारात वेगळी मिळते. लावून पाहिली. आर्मखाली तिच्यापुरती जागाच सोडलेली नाही.