पूर्वज मूर्ख नव्हते, पण मुद्दा तो नाहीच

‘शेकडो वर्षं चालत आलेल्या गोष्टीत तथ्य असतंच. लाखो लोक मानतात, ते काय वेडे? आधी अनुभव घ्या, मग बोला. ऊठसूट शंका घेणाऱ्यांनी पूर्वजांच्या ज्ञानाची माती केली.’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला, हात जोडलेल्या चिन्हासकट.

आधी ‘शेकडो वर्षं’. आजाऱ्याची शीर कापून रक्त काढलं की तो बरा होतो, ही समजूत युरोपात दोन हजार वर्षं टिकली. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तेव्हा डॉक्टरांनी एकाच दिवसात अनेकदा त्याचं रक्त काढलं. रात्री तो गेला. (त्यामुळेच गेला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण उपकार नक्कीच झाले नाहीत.) मग ही पद्धत टिकली कशी? पुष्कळ आजार आपसूक बरे होतात. माणूस उठून बसला की श्रेय रक्त काढण्याला. दगावला की ‘आणायला उशीर केलात’. समजुतीला हरायची सोयच नव्हती. १८३० च्या दशकात पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने न्यूमोनियाच्या रुग्णांचा सरळ हिशोब मांडला. ज्यांचं रक्त लवकर काढलं होतं, त्यांच्यातच मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. एवढ्या साध्या मोजणीला एवढी शतकं लागली.

‘लाखो लोक’ हा मुद्दा लगेच आटपतो. लाख जणांनी स्वतंत्रपणे पडताळून पाहिलं असेल तर ते वजनदार. एकाचं ऐकून बाकीच्यांनी पुढे ढकललं असेल तर पुरावा एकच, तोही असला तर.

‘अनुभव घ्या’ हे मात्र ऐकायला इतकं रास्त वाटतं की तिथेच बहुतेक जण फसतात. मीही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक खेळ प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं सांगून तो नियम ओळखायचा. बहुतेकांना वाटतं, दोन-दोनने वाढतात. मग ते विचारतात: ८, १०, १२? बसतं. २०, २२, २४? बसतं. झाली खात्री! खरा नियम होता ‘चढत्या क्रमाने कोणतेही आकडे’. १, २, ७ विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण आपला अंदाज पाडू शकेल असा प्रश्न सुचतच नाही. मांजर आडवं गेलं आणि काम फिसकटलं, तो दिवस आयुष्यभर लक्षात राहतो. आडवं जाऊनही काम झालं, ते दिवस कोण मोजतंय?

राहिला शंकेवरचा राग. शंका म्हणजे जुनं ते सगळं फेकून देणं, असं मेसेज लिहिणाऱ्याने परस्पर धरून टाकलंय. गाईंची धार काढणाऱ्यांना गोस्तनदेवी (गाईंपासून लागणारा, देवीसारखाच पण सौम्य रोग) होऊन गेली की देवी होत नाहीत, असं इंग्लंडच्या खेड्यांत लोक म्हणायचे. एडवर्ड जेनर या डॉक्टरने १७९६ मध्ये एका मुलाला गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव टोचला, नंतर खऱ्या देवीच्या फोडातलाही टोचून पाहिला. मुलाला देवी आल्या नाहीत. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) खेड्यातली ती समजूत खरी निघाली. १९८० मध्ये देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, ते ती कुणीतरी तपासून पाहिली म्हणून.