दगा कसा द्यावा आणि वर आशीर्वादही कसा घ्यावा

घरातल्याच माणसाला बुडवायचं मनात असेल तर आधी बायबलातलं 2 शमुवेल काढा. 13 ते 19 अध्याय. मी ते या आठवड्यात परत वाचून काढले, कारण रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ हातात समोसा घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, "हे बघ ताई, भावाने हक्कसोडपत्रावर सही घेतली, झालं ते झालं. वकिलाकडे कशाला जातेस? दावीद राजाला तर पोटच्या पोराने, अबशालोमाने, दगा दिला. तो गेला का कुणाकडे? देवावर भरवसा ठेवला त्याने." भावाने ती सही छप्पर दुरुस्तीच्या परवानगीचा कागद म्हणून घेतली, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी समोसा संपायच्या आत क्षमेवरचं एक वचन ऐकवून झालं होतं.

तर मी शिकले ते तुमच्याही कामी येवो.

दगा काळोखात द्यायचा असतो ही गैरसमजूत आधी काढून टाका. अबशालोमाने तो भल्या सकाळी, वेशीच्या वाटेवर उभं राहून सुरू केला. रथ, घोडे, पुढे धावायला 50 माणसं. कुणी राजाकडे दाद मागायला निघाला की हा त्याला हाक मारणार, कुठल्या गावचा म्हणून विचारणार, तुझी बाजू खरी आहे पण वर ऐकून घेणारं कुणी नाही म्हणणार. मला कुणी न्यायाधीश नेमलं असतं तर, हेही बोलून ठेवणार. समोरचा वाकला की हात धरून त्याचा मुका घेणार. बापाला उघड शिवी एकही नाही. तुम्हीही चुलत्या-मावश्यांकडे फिरताना "माझं काय, मला सगळे सारखेच" इथून सुरुवात करा.

केसांची निगा राखा. (त्याचे वजनाला 200 शेकेल भरायचे. आमच्याकडे मिशीवर भागतं.)

मुख्य काम मात्र देवाच्या नावाने करा. हेब्रोनला जाऊन राज्य बळकवायचं होतं, पण बापाला सांगितलं काय? आजोळी गशूरला असताना परमेश्वराला नवस केला होता, तो फेडायला जातो. बाप म्हणाला, शांतीने जा. मुलगा जिवंत असताना दावीद त्याच्याशी बोलल्याचे हे शेवटचेच शब्द शास्त्रात आहेत, आणि ते आशीर्वादाचे! सोबत यरुशलेमेतले 200 पाहुणे नेले. त्या बिचाऱ्यांना कशाचा पत्ता नव्हता, निमंत्रण आलं म्हणून भोळेपणाने गेले. हे 200 जण फार उपयोगाचे असतात. बहिणीच्या वाट्यावर मजला चढवलात की उपकारस्तुतीची सभा ठेवा, बिर्याणी ठेवा, पाळकांना बोलवा. पंगतीत बसून गेलेला माणूस पुन्हा कागदपत्रांबद्दल विचारत नाही.

मसलतीला समोरच्याचाच माणूस फोडा, जुना सल असलेला. अहीथोफेल दावीदाचा मंत्री. 11वा आणि 23वा अध्याय जोडून वाचलात तर तो बथशेबेचा आजोबा असावा असं दिसतं. तिचा नवरा उरीया, त्याला दावीदाने लढाईत मारवलं आणि तिला बायको करून घेतलं. उरीयाचं काय झालं ते त्याने विसरावं अशी दावीदाची अपेक्षा असेल तर धन्य आहे.

रिकाम्या हाताने जाऊ नका. राजा अबशालोमापुढून जीव घेऊन पळत होता तेव्हा मफीबोशेथाचा चाकर सीबा दोन गाढवांवर 200 भाकरी, मनुकांचे 100 घड, उन्हाळी फळं आणि द्राक्षारसाचा बुधला घेऊन हजर झाला. मालक कुठाय विचारल्यावर म्हणाला, मफीबोशेथ (आधीच्या शौल राजाचा नातू) यरुशलेमेत बसून राज्य परत मिळायची वाट बघतोय. तो मालक दोन्ही पायांनी लंगडा. राजाने चौकशी न करता त्याची सगळी मालमत्ता जागच्या जागी सीबाला देऊन टाकली. मनुकांचा प्रभाव, दुसरं काय.

आता तुम्ही दगा खाणाऱ्या बाजूला असाल तर तुम्हाला एकच सल्ला. गप्प बसा. घरची गोष्ट घरात ठेवा. हा सल्लाही तिथूनच आलाय. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आजाराचं सोंग घेऊन पडला, सावत्र बहीण तामारेच्या हातचं खायचंय म्हणाला, आणि दावीदाने स्वतः निरोप पाठवून तिला त्याच्या घरी धाडलं. तिने जीव तोडून विनवण्या केल्या, त्याने ऐकलं नाही, बळजबरी केली, मग तिला बाहेर काढून दाराला कडी लावून घेतली. ती डोक्यात राख घालून, अंगावरचा झगा फाडून, ओरडत गेली. ओरडत! ती गप्प बसली नव्हती, तिला गप्प बसवलं. सख्खा भाऊ अबशालोम काय म्हणाला? गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आणि राजा? राजाला फार राग आला. बस्स. अम्नोनाला बोलावून जाब विचारल्याचं अवाक्षर नाही. राग येऊन गेला, जेवणं झाली असतील, दरबार भरला असेल, आणि ती पोर भावाच्या घरात उजाड होऊन राहिली. दोन वर्षांनी मेंढरांच्या कातरणीच्या जेवणात अबशालोमाने अम्नोनाला मारून टाकलं. तिथून गशूरला पळ, तिथून वेस, तिथून हेब्रोन, आणि शेवटी एफ्राइमाच्या रानात एका दिवसात 20,000 माणसं पडली. हे सगळं बापाने घरची गोष्ट घरात ठेवली त्याचं फळ. पण आपल्याकडे यावर प्रवचन होत नाही. होतं ते अबशालोम मेल्यावर बापाने केलेल्या "माझ्या मुला अबशालोमा" या विलापावर, रुमाल काढून.

आणि तो भरवसा. काढलात ना विषय, मग पूर्ण काढा. पळताना किद्रोनचा ओढा ओलांडत असता याजक कराराचा कोश, म्हणजे देवाची पवित्र पेटी, घेऊन आले तर दावीदाने तो परत पाठवला. त्याची मर्जी असेल तर तो मला परत आणील, नसेल तर त्याला बरं वाटेल ते करो, म्हणाला. हा भरवसा खरा, कोशाचा ताईत न करणारा. पण त्याच दमात त्याने सादोक याजकाला सांगितलं की शहरात परत जा आणि मला बातमी पाठव. जैतुनाचा डोंगर अनवाणी, रडत चढला, अहीथोफेलाची मसलत फोल कर म्हणून प्रार्थना केली, आणि माथ्यावर मित्र हूशय भेटताच त्याला अबशालोमाच्या दरबारात पेरला. निरोप नेणारी याजकांची पोरं बहूरीम गावच्या विहिरीत लपली, एका बाईने तोंडावर कापड घालून वर धान्य पसरलं. महनाइमात सैन्याच्या तीन तुकड्या केल्या, त्यातली एक इत्तय गथकराला दिली. तो परका, काल आलेला. मी तुला सोडणार नाही असं शपथेवर सांगणारा त्या दिवशी हाच निघाला. गप्प बसून काहीच केलं नाही तो दावीद कुठल्या पानावर आहे?

सांगा ना. शास्त्र तुम्हीही वाचता. पण तुम्हाला वाचायचं नसतं, तुम्हाला शांतता हवी असते. ज्याचं गेलं त्याला वचन सांगायचं आणि ज्याने घेतलं त्याच्या पंगतीला बसायचं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. "अर्धं अर्धं करून मिटवा" हेही तुमचंच. तो निवाडाही दावीदानेच केला होता. मफीबोशेथ दाढी न कातरता, कपडे न धुता समोर आला, सीबाचं खोटं उघड झालं, आणि राजा म्हणाला जमीन वाटून घ्या. लबाडाला अर्धी! मफीबोशेथ म्हणाला, राजा सुखरूप आला, त्यालाच सगळी घेऊ दे. याच्या मोठ्या मनावर तुम्ही तासभर बोलाल. सीबाला 15 मुलगे आणि 20 चाकर होते, त्याला कोणी काय म्हणालं? मधे पडायची एवढी हौस असेल तर माझ्या भावाच्या दारात जाऊन बसा, आणि कागद परत घेतल्याशिवाय उठू नका. ते जमत नसेल तर मला शिकवायला येऊ नका.