‘आफ्रिकेत एकही चिंधी वाया जात नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनीने एक मेसेज टाकला. ती इंग्लंडात स्लाउला असते. तिच्याकडे तो तिथल्या मराठी ओळखीतून आला आणि आता इचलकरंजी-कोल्हापूरच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: “जुने कपडे चॅरिटीच्या पेटीत टाकताना मनात किंतु आणू नका. ते आफ्रिकेतल्या गरिबांना फुकट मिळतात. तिथे एकही चिंधी वाया जात नाही, उरलेल्याचं रिसायकलिंग होऊन नवे कपडे बनतात. लाखो लोकांना रोजगार मिळतो. त्यांच्याकडे स्वतःचा कापडउद्योग नाही, म्हणून ते आपल्याकडे मागतात. तेव्हा जुने द्या, नवे घ्या, पुण्य मिळवा.” खाली हसऱ्या आफ्रिकन मुलांचा फोटो.

त्याखाली वहिनीने लिहिलं होतं, “बरं झालं, आता दर सीझनला मुलांचं कपाट रिकामं करताना वाईट वाटायला नको.” माझं डोकं फिरलं ते हे वाचून. वहिनी मनाने चांगली आहे, तिला खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं. असल्या मेसेजना नेमकी अशीच माणसं सापडतात. म्हणून एकेक वाक्य घेते.

“आफ्रिकेतल्या गरिबांना फुकट मिळतात.”

नाही मिळत. विकले जातात, आणि तेही तीन-चार हातांतून. चॅरिटीच्या दुकानात जे खपत नाही ते किलोच्या भावाने व्यापाऱ्याकडे जातं. प्रतवारी होते, गाठी बांधल्या जातात, जहाजावर चढतात. घानाला जुने कपडे पाठवणाऱ्या बड्या देशांत ब्रिटन आहे. राजधानी आक्रामधला कांतामांतो हा जुन्या कपड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. तिथली विक्रेती आयातदाराकडून अख्खी गाठ घेते, साधारण ५५ किलोची, अनेकदा कर्ज काढून. ती आधी फोडून बघायची सोय नाही. आपल्याकडची बोहारीण दारात बसून एकेक कपडा उजेडात धरते, काखेत विरलाय का बघते, नको तो परत करते आणि मगच पातेलं पुढे सरकवते. कांतामांतोच्या बाईला एवढाही हक्क नाही. पैसे आधी, माल नंतर. आतून घामाने पिवळे पडलेले शर्ट आणि गोळे आलेले टी-शर्ट निघाले तर तोटा तिच्या एकटीचा.

“एकही चिंधी वाया जात नाही, उरलेल्याचं रिसायकलिंग होऊन नवे कपडे बनतात.”

सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हे, कारण खरेदी करणाऱ्याचं मन याच वाक्याने निवांत होतं.

माझं माहेर इचलकरंजीचं, घरात यंत्रमाग होते. सुताचं काय होतं आणि काय होत नाही एवढं मला लहानपणापासून कळतं. सुती कापड फाडून, पिंजून पुन्हा धागा काढायचा म्हटलं की तंतू आखूड होतात. आखूड तंतूचा धागा तुटतो, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर घालावंच लागतं. ही झाली शुद्ध सुताची गोष्ट. आज जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, आणि स्वस्त कपडे बहुतेक मिश्र धाग्याचे असतात: कापूस, पॉलिएस्टर, वर कपडा ताणता यावा म्हणून थोडं इलॅस्टेन. हे तंतू एकमेकांपासून वेगळे करायला रासायनिक प्रक्रिया लागते, आणि ती करणारे कारखाने जगात मोजके आहेत. शिवाय चेन, बटणं, रबरी छपाई आधी काढावी लागते, ती बहुतेक हाताने. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये हिशेब मांडला होता: कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहून कमी माल फिरून नव्या कपड्यात येतो. आपल्या पानिपतचं उदाहरण लोक देतात. तिथे परदेशी लोकरी कपडे रंगाप्रमाणे वेगळे करून, फाडून, पुन्हा सूत काढतात, हे खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. पण त्या सुताची मुख्यतः ब्लँकेटं होतात, पुन्हा तसाच स्वेटर होत नाही. आणि पॉलिएस्टरच्या टी-शर्टला तोही मार्ग सहसा मिळत नाही.

मग घानात पोचलेल्या कपड्यांचं काय होतं? कांतामांतोच्या विक्रेत्यांबरोबर अनेक वर्षं काम करणाऱ्या ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे की या बाजारात दर आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात. अख्ख्या घानाची लोकसंख्या साधारण सव्वातीन-साडेतीन कोटी. म्हणजे दोन-अडीच आठवड्यांत देशातल्या प्रत्येक माणसामागे एक कपडा, अंगावरच्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. त्यातले सुमारे ४० टक्के बाजारातून कचरा म्हणूनच बाहेर पडतात, असं ही संस्था सांगते.

हा आकडा वादात आहे. घानातल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांची संघटना म्हणते की गाठीत ५ टक्क्यांहून कमी माल टाकाऊ असतो. ठीक आहे, त्यांचंच धरू. दीड कोटीचे ५ टक्के म्हणजे साडेसात लाख कपडे, दर आठवड्याला, एका शहरात. ‘एकही चिंधी’ कुठे राहिली? ऑर फाउंडेशनने २०२२ मध्ये शीन या अतिस्वस्त कपड्यांच्या कंपनीकडून तीन वर्षांसाठी दीड कोटी डॉलरचा निधी स्वीकारला. त्यावर टीका झाली, आणि ती मला पटते. पण आक्रा महापालिकेचे कचरा विभागप्रमुख सॉलोमन नोई यांनी जे सांगितलं ते वेगळं नाही: बाजारातून रोज सुमारे १०० टन कपड्यांचा कचरा निघतो आणि शहर त्यातला जेमतेम ३० टन उचलू शकतं. उरलेला ७० टन नाल्यांत, खाजणात, उघड्या उकिरड्यांवर आणि समुद्रात जातो.

शहराने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. आक्राच्या बाहेर क्पोने इथे शास्त्रोक्त कचराभूमी बांधली होती. ती अपेक्षेपेक्षा फार लवकर भरली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिला आग लागली, ती कित्येक महिने धुमसत होती. नीट कचरा पुरायची जागाच हातची गेली. आता कोर्ले खाजणाच्या काठावर, ओल्ड फादामा वस्तीला लागून, कचऱ्याचा डोंगर आहे आणि त्यात कपडेच कपडे आहेत. पावसात ते गटारात येतात, पाणी तुंबतं, डास होतात. पुढे समुद्रात गेलं की लाटा त्या कपड्यांना पीळ देऊन लांबच लांब दोर करतात, ते वाळूत रुततात आणि ओढून निघत नाहीत. कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर हेच येतं. आपल्या वर्सोव्याच्या किंवा मालवणच्या कोळ्याच्या जाळ्यात लंडनच्या दुकानाची लेबलं असलेले कपडे आले असते तर आपण त्याला पुण्य म्हटलं असतं का, याचं उत्तर मला मेसेज लिहिणाऱ्याकडून हवं आहे.

आणि हे फक्त घानाचं नाही. केनियातल्या नैरोबीच्या गिकोम्बा या जुन्या कपड्यांच्या बाजारामागची नदी बघा. चेंजिंग मार्केट्स फाउंडेशनने २०२३ मध्ये केनियाबद्दल अंदाज दिला होता: प्लॅस्टिकचे तंतू असलेले आणि विकण्याच्या लायकीचे नसलेले ३० कोटींहून जास्त कपडे एका वर्षात त्या देशात येतात.

“लाखो लोकांना रोजगार मिळतो.”

यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. एकट्या कांतामांतोत सुमारे ३० हजार लोक काम करतात. मुख्य म्हणजे ही माणसं नुसती विकत नाहीत. मोठ्या मापाचा शर्ट कापून लहान करतात, विटलेल्या जीन्सला पुन्हा रंग देतात, टी-शर्टच्या आतल्या चड्ड्या शिवतात, कोळशाच्या इस्त्रीने कपडा नव्यासारखा करतात. ऑर फाउंडेशनच्या म्हणण्यानुसार महिन्याला सुमारे अडीच कोटी कपडे या लोकांच्या हातून पुन्हा वापरात जातात. युरोपातल्या कुठल्याही ‘सर्क्युलर’, म्हणजे माल फिरून वापरात आणणाऱ्या, प्रकल्पाने याच्या जवळपास जाऊन दाखवावं. युगांडाच्या कंपालात बॉबी कोलाडे हा डिझायनर २०२२ पासून ‘बुझिगाहिल’ या नावाने गाठींमधले कपडे उसवून नवे शिवतो आणि ज्या देशांतून ते आले तिथेच परत विकतो. हे सगळं अस्सल कौशल्य आहे, मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण मेसेज रोजगाराचा अर्धाच भाग सांगतो. ५५ किलोची गाठ दुकानापर्यंत नेतं कोण? घानाच्या उत्तरेकडच्या भागातून पोटासाठी आलेल्या बाया आणि मुली, ज्यांना कायायेई म्हणतात, त्या ती डोक्यावरून नेतात. अरुंद बोळ, खाली चिखल, पाठीला कधीकधी मूल. मणक्याची कायमची दुखणी घेऊन त्या गावी परततात. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बाजाराला आग लागली आणि बराच मोठा भाग बेचिराख झाला. हजारो विक्रेत्यांचा माल गेला, कर्ज राहिलं. ज्या कंपन्यांचा माल हे लोक वर्षानुवर्षं निस्तरत आले, त्या कंपन्यांवर भरपाईचं कसलंही बंधन नव्हतं.

“त्यांच्याकडे स्वतःचा कापडउद्योग नाही.”

हे वाचून संताप येतो. माली, बेनिन, बुर्किना फासो हे आफ्रिकेतले मोठे कापूस पिकवणारे देश. घानात बोनवायर गावात आजही केंटे हे पारंपरिक कापड विणतात. बुर्किना फासोत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस संकारा यांनी १९८० च्या दशकात सरकारी नोकरांना देशी हातमागाचं कापड, फासो दान फानी, घालायला लावलं. खादीच्या देशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. गिरण्याही होत्या. १९७५ ते २००० या काळात घानातला कापड आणि कपडे उद्योगातला रोजगार सुमारे ८० टक्क्यांनी घटला. अर्थतज्ज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये दाखवलं की १९८१ ते २००० मध्ये आफ्रिकेतल्या कपडे उत्पादनाची जी घसरण झाली तिच्यातली सुमारे ४० टक्के जुन्या कपड्यांच्या आयातीमुळे होती, आणि रोजगाराची सुमारे ५० टक्के. म्हणजे बाकीची कारणंही होती: कर्जाच्या अटींखाली खुले केलेले बाजार, आशियातून आलेलं स्वस्त छापील कापड. ती मी लपवत नाही. पण आधी उद्योग बुडवायला हातभार लावायचा आणि मग ‘त्यांच्याकडे नाहीच’ म्हणायचं, हे बरोबर नाही. गिरण्या बंद पडलेल्या गावांतून आलेल्या आपल्या लोकांनी तरी हे वाक्य पुढे पाठवायला नको होतं.

“ते आपल्याकडे मागतात.”

२०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी मिळून ठरवलं की २०१९ पर्यंत जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायची. रवांडाने शुल्क किलोला ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरवर नेलं. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापारी संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली, अमेरिकेने व्यापारसवलती काढून घेण्याचा इशारा दिला. केनियासारखे देश मागे हटले. रवांडा हटला नाही, तर २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांना अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी स्थगित झाली. मागणाऱ्याला कुणी अशी शिक्षा करतं का?

आणि आपला स्वतःचा देश काय करतो ते बघा. भारतात वापरलेले कपडे परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. पानिपतसाठी येणारे कपडे अंगात घालता येऊ नयेत म्हणून फाडूनच आणावे लागतात. कांडला इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात पाश्चात्त्य देशांचे जुने कपडे निवडले जातात खरे, पण तिथून त्यातला बराच माल पुन्हा बाहेर जातो, आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक आफ्रिकाच आहे. आपल्या मागावरचं पोट आपण कायद्याने सांभाळलं, ते योग्यच केलं. तोच अधिकार रवांडाने वापरला तर तो गुन्हा कसा?

“जुने द्या, नवे घ्या.”

वहिनी, जुने देऊ नकोस असं मी म्हणत नाही. धुतलेला, धड असलेला, स्वतःच्या भावाला देताना लाज वाटणार नाही असाच कपडा पेटीत टाक. फाटका, विटका, गोळे आलेला टाकू नकोस, त्याचा खर्च कांतामांतोतल्या बाईच्या कर्जात जमा होतो. मुलांचे कपडे मोठ्याचे धाकट्याला, धाकट्याचे शेजारच्याला, हे आपण सगळे करतच वाढलो. आणि ‘नवे घ्या’ हा भाग तेवढा सोडून दे. गाठींचा आकार तुझ्या दानाच्या पिशवीने ठरत नाही. दुकानं दर पंधरवड्याला नवा माल भरतात, त्याने ठरतो.

कांतामांतोचे लोक स्वतः काय मागतात, ते या मेसेजमध्ये कुठेच नाही. २०२३ मध्ये तिथले विक्रेते युरोपात गेले आणि त्यांनी सांगितलं की कपडे बनवणाऱ्यांकडून विल्हेवाटीसाठी घेतलं जाणारं शुल्क कपड्यामागोमाग आक्रापर्यंत आलं पाहिजे. फ्रान्समध्ये असं शुल्क बऱ्याच वर्षांपासून आहे, युरोपीय संघाने २०२५ मध्ये ते सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक केलं. पण निस्तरणाऱ्या शहरापर्यंत तो पैसा जाईल याची हमी त्यात नाही. त्यांच्या बाजूने उभे असलेले लोक आणखी एक साधी गोष्ट मागतात: प्रत्येक कंपनीने वर्षाला किती कपडे बनवले तो आकडा जाहीर करावा. बहुतेक मोठे ब्रँड तो आजही सांगत नाहीत.