इंजिन धरून उभा

परवापासून उजवा खांदा वर होत नाही. डावाही होत नाही, पण त्याची चौकशी कुणी केली नाही.

देवबागला, कर्लीच्या खाडीत, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली. होडी टेकायच्या आत तिच्या मागे टांगलेलं इंजिन उचलून तिरकं अडकवायचं, नाहीतर पंखा वाळूत रुततो आणि पंपात वाळू जाते, एवढं मला कळतं. उचललं. 'खट्' झालं की इंजिन वर अडकवून धरणारा खटका बसला समजायचं. 'खट्' झालं, पण ते माझं मनगट होतं. खटका मिठाने जाम. आता 25 किलोचं ते धूड मी दोन्ही हातांनी धरलेलं, पाय गुडघाभर पाण्यात.

धक्क्यावर एक आजोबा बसले होते.

"काय करतंस रे?"

"इंजिन धरलंय."

"कित्याक?"

सांगितलं.

"कितक्याक घेतलंस?"

बायकोला सांगतो तीच, म्हणजे वीस हजारांनी कमी किंमत सांगितली.

"फसयल्यानी तुका. झील काय करता?"

"बंगळुरात नोकरीला आहे."

"लगीन?"

"नाही अजून."

यावर आजोबा पाच मिनिटं गप्प. पाच मिनिटं म्हणजे किती, हे इंजिन धरल्याशिवाय समजायचं नाही.

"मगे खाली ठोकळो लाव मरे."

ठोकळा होताच! फणसाचा, मापाने तासून घेतलेला. सकाळी धक्क्यावरच ठेवला होता.

"ठोकळो कसो होतो?"

"चौकोनी. दोरी बांधलेला."

आजोबांनी बुडाखाली हात घातला. "ह्यो? ह्येच्यार तर मी बसलंय!"

आणि उठले नाहीत.

"धक्को थंड लागता रे. कमरेचो त्रास आसा माका."

शेवटी एका शाळकरी पोराने वल्हं आडवं घालून मला सोडवलं. मला सांगा, एवढ्या महागड्या इंजिनाला खटका करंगळीएवढा का? वर पुस्तिका बजावते, होडी गाडीवरून नेताना खटक्यावर भरवसा ठेवू नका. मग ठेवायचा कुणावर, आजोबांवर?

संध्याकाळी गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून मीठ काढलं, पाणी निथळावं म्हणून उभं ठेवलं, खटक्याला ग्रीस चोपडलं. 'हे आधी करायचं असतं' हे बायकोने सांगितलं. मला माहीत होतं.

आज बाजारात बांगडे घेताना मासेवालीने विचारलं, "झिलाचा लगीन ठरला काय?"

इंजिनाबद्दल कुणाला काही ठाऊक नाही. ठोकळा अजून आजोबांकडेच आहे.