खुलासा: ‘बी ४५’ लावला की कुणाचाही आवाज उठतो, हे खरं नाही

नाशिकच्या बँडवाल्यांमध्ये सध्या एक निरोप फिरतोय: क्लॅरिओनेटला व्हँडोरेन कंपनीचा बी ४५ माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) लावा, मिरवणुकीत कुणाचाही आवाज उठतो. कृपया यावर विसंबून पैसे घालू नका.

बी ४५ उत्तमच आहे. पण त्याच्या टोकाशी रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आणि माउथपीस यांच्यातली फट साधारण १.२ मिलिमीटर, त्याच कंपनीच्या ५ आरव्ही लायर या माउथपीसची १.१च्या आत. फट मोठी असली की सहसा नरम रीड लागते. जुनी कडक रीडच ठेवली तर दम लवकर जातो, ओठ आवळले जातात, स्वर चढतो. नाशिकच्या वाकडी बारवेपासून मिरवणुकीत तासन्‌तास वाजवत निघणाऱ्याला हे झेपत नाही.

पारख आपल्याच वाद्यावर, दोन-तीन वेगळ्या नंबरच्या, म्हणजे कमी-जास्त कडक, रीड लावून करा. अगदी हळू फुंकल्यावर स्वर लगेच बोलतो का? खालच्या पट्टीतून वर जाताना तुटतो का? स्वर चढा की उतरा ते दाखवणारा ट्यूनरही समोर ठेवा. आणि एखाद्या जाणकाराला लांब उभं करून ऐकायला सांगा, कारण वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज दातांतूनही ऐकू येतो आणि अंदाज हमखास चुकतो. शक्यतो परत घेण्याच्या बोलीवरच माउथपीस न्या.